एका घराची मूठ

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. चौथीपर्यंत आश्रमशाळेत होते, तेव्हाही गुरुजी म्हणायचे की हिच्या ओळी ओल्या अंगणातून कोंबडी चालत गेल्यासारख्या दिसतात. आता तर बोटंही सांध्यांत आखडली आहेत. ऱ्हस्व-दीर्घ कुठे काय द्यायचं ते मला कधी नीट कळलं नाही आणि कोणाला विचारायचा संकोच वाटतो, कारण मी लिहिते हे घरात कोणाला ठाऊक नाही. दुपारी सगळे शेतावर गेले की लिहिते. ज्याच्या हाती हे पडेल त्याने चुका पोटात घालाव्यात. आणखी एक सांगायचं. आम्ही घरी माडिया बोलायचो आणि बाजारात मराठी. माडिया मला लिहिता येत नाही, म्हणून माणसांची बोलणी मी आता इकडे जशी मराठी बोलतात तशी लिहिली आहेत. शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील, माणसं तीच आहेत.

आमचं गाव एटापल्लीच्या बाजारापासून इतकं लांब होतं की पहाटे निघालेला माणूस दिवे लागताना पोचायचा. बाप मी लहान असतानाच तापाने गेला. घरात माय, माझा मोठा भाऊ लालसू, मी आणि बापाचा थोरला भाऊ. त्याला आम्ही मोठाबा म्हणत असू. मोठाबाची बायको, लेकरं कोणी उरलं नव्हतं. तो आमच्यात राहायचा, आणि तो गावाचा पेरमा होता. पेरमा म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस. एरवी तो कोणाशीच फारसं बोलायचा नाही. मी लाजाळू आहे ते त्याच्यावरच गेले, असं माय म्हणायची. तो अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसायचा, त्या सुरीचा सर्र सर्र आवाज आणि माय धान कांडायची त्या ढेकीचा धप धप आवाज, या दोन आवाजांत माझं लहानपण गेलं. आता गावात चक्की आहे. ती चांगली आहे, कंबर वाचते. पण ढेकीच्या आवाजावरून कोणाच्या घरी आज किती माणसं जेवणार ते कळायचं, तसं चक्कीवरून कळत नाही.

सकाळी कोसरीची, म्हणजे बारीक भरड धान्याची पातळ पेज, तिला आम्ही जावा म्हणतो. सोबत लाल मुंग्यांची चटणी, आणि पावसाळ्यात बांबूचे कोंब. उन्हाळ्यात मोह वेचायला अंधारातच निघायचं. माय आमच्या रीतीप्रमाणे जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नसे. मोठाबा दोन हातांवर बसलेला असायचा तरी ती मला सांगायची, “जानो, तुझ्या मोठाबाले म्हन, जावा थंडा होऊन राह्यला.” मोठाबा ते स्वच्छ ऐकायचा, पण मी सांगेपर्यंत हलायचा नाही. मग म्हणायचा, “तुझ्या मायले म्हन, आलो.” कधी भांडण झालं तर माझे फार हाल व्हायचे, कारण दोघांचेही टोमणे मलाच पोचवावे लागत.

दादालोक आमच्या गावात आले तेव्हा मी अगदी लहान होते. बंदूक घेऊन जंगलात राहणाऱ्यांना आम्ही दादालोक म्हणायचो. खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा ते आले तेव्हा गावाला आवडले. आमच्या बोलीत बोलायचे, जेवल्यावर ताटली स्वतः धुवायचे. त्यांच्यामुळे तेंदूच्या पानांचा भाव वाढला आणि जंगलातला साहेब येऊन कोंबडी उचलून न्यायचा ते बंद झालं. लालसूने त्यांची गाणी पाठ केली. मग हळूहळू काय झालं ते सांगणं मला कठीण जातं. कोणतंही गाव एका दिवसात बसून वाईट व्हायचं ठरवत नाही. पोलीस आले की विचारायचे, कोणाला भात वाढला. दादालोक आले की विचारायचे, कोणाशी बोललात. आम्ही आधी दोघांना घाबरायचो, मग एकमेकांना घाबरायला लागलो. ‘खबरी’ हा शब्द आमच्या बोलीत नव्हता. तो बाहेरून आला आणि वर्षाच्या आत आम्ही पोरं खबरी-खबरी खेळायला लागलो. ज्याच्यावर राज्य यायचं त्याला झाडाला बांधून बाकीचे चिंचोके मारायचे. मोठी माणसं बघायची आणि काही म्हणायची नाहीत.

मग एका उन्हाळ्याआधी असं झालं की दादालोक आमच्या शिवारात जेवायला थांबले होते आणि पोलीस नेमके तिथेच आले. गोळीबार झाला. आमच्या गावचं कोणी मेलं नाही, पण दादालोकांपैकी एकजण गेला. काही दिवसांनी दादालोकांचा निरोप आला, तुमच्यातला खबरी कोण ते तुम्ही पाहा, नाहीतर आम्ही पाहू. गावाने आजूबाजूला पाहिलं आणि त्यांना डोलू दिसला.

डोलूचं घर गावाच्या टोकाला होतं. तो, त्याची बायको रैनी, एक पाठीवरचं लेकरू. डोलू दर बाजारी एटापल्लीला जायचा, हिंदी बोलायचा, आणि त्या हंगामात चारोळी विकून त्याने नवी बॅटरी आणली होती. बस, एवढंच. तो संध्याकाळी बॅटरी लावून डुकरं कोंडायला निघायचा तो उजेड सगळ्या गावाला दिसायचा. त्याला हे पैसे कोणी दिले, असं कोणीतरी म्हणालं. कोणी म्हणालं ते कोणालाच आठवत नाही. भरदुपारी लालसू आणि त्याच्या वयाची पोरं गेली आणि त्यांनी डोलूचं घर पेटवलं. गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस कोमटी काठी टेकून उभा होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मारून नाई राह्यलो, फक्त हाकलून राह्यलो. त्यायनं तर मारलंच असतं.” आम्ही सगळ्यांनी हेच धरून ठेवलं की आपण त्याच्यावर दयाच करतोय. रैनी लेकरू पाठीला बांधून निघाली. ती रडली नाही. प्रत्येकाच्या तोंडाकडे एकेकदा बघत गेली, आणि ज्याच्याकडे बघायची तो दुसरीकडे बघायचा. तिची डुकरं कापून घरोघर वाटा गेला. आमच्याही घरी आला. मायने शिजवला, आम्ही खाल्ला. मोठाबा पोट बरं नाही म्हणाला. त्यांची बैलजोडी बाजारात व्यापाऱ्याला विकली आणि ते पैसे मिठात, कापडात, दारूत गेले. डोलू आणि रैनी नदीपलीकडे रैनीच्या भावाच्या गावी जाऊन राहिले.

मग तेंदूचा हंगाम झाला आणि बीजपंडुम आलं. हा आमचा बियाण्याचा सण. त्याच्याआधी कोणी जमिनीत एक दाणा टाकत नाही. प्रत्येक घरची मोठी बाई पानाच्या डोण्यात मूठभर बियाणं आणून देवाच्या झाडाखाली ठेवते. पेरमा सगळ्या घरांचं बियाणं एकत्र करतो, देवाला दाखवतो आणि पुन्हा चिमूट चिमूट सगळ्यांना वाटतो. ती चिमूट आपल्या बियाण्यात मिसळायची, मग पेरायचं. म्हणजे माझ्या शेतात उगवतं त्यात शेजाऱ्याचाही दाणा असतो.

त्या दिवशी सगळे डोणे मांडून झाले. मोठाबा उकिडवा बसला, बघत राहिला. लेकरं चुळबुळ करायला लागली.

“रैनीचा डोना कुठी हाये?” तो म्हणाला.

कोमटी म्हणाला, “ते गावात नाई ना आता, पेरमा.”

“घर हाये तिचं.”

“घर तर जळालं.”

“जळालं ते मी पाह्यलं. देवाले कोनं सांगितलं?”

इथे गावाची चूक झाली होती, आणि ती आमच्यासारख्यांचीच होऊ शकते. आमच्याकडे नवं घर उभं राहिलं की पेरमा देवाला सांगतो, हे आणखी एक घर आलं. कोणी गाव सोडलं की तेही सांगावं लागतं, आणि का सोडलं तेही. ज्याला कारण माहीत असेल त्याने झाडाखालची माती हातात घेऊन ते बोलायचं असतं. खोटं बोललं तर त्याचं बियाणं जमिनीत कुजतं. डोलूला हाकलायच्या घाईत पेरमाला कोणी बोलावलंच नव्हतं. देवाच्या हिशेबी ते घर गावातच होतं.

“मग सांग ना आता,” कोणीतरी मागून म्हणालं.

“सांगतो. काऊन काढलं ते सांगा. ज्याले ठाव हाये त्यानं माती उचला.”

मग माझा भाऊ पुढे गेला. अठरा-एकोणीस वर्षांचा, छाती काढून चालायचा. त्याने मूठभर माती उचलली. “मी सांगतो. डोलूनं खबर देल्ली.”

“तू पाह्यलं?” मोठाबाने विचारलं. रागाने नाही, भाजी शिजली का विचारावं तसं.

“कोमटीभाऊ सांगत होता.”

कोमटी काठी सावरून म्हणाला, “मी काय पाह्यलं? मी बाजारात ऐकलो.”

“कोनापासून?”

“लोक बोलत होते.”

“कोन लोक?”

“आता लोक म्हंजे लोक, पेरमा. त्यायचे नावं राह्यतात का? बॅटरी होती ना त्याच्याजवळ.”

“बॅटरी होती,” मोठाबा म्हणाला आणि लालसूकडे वळला. “मग तसं सांग. माती हातात हाये तुह्या. म्हन, बॅटरी होती म्हनून घर जाळलं.”

लालसूच्या बोटांमधून माती गळत होती. शेवटी त्याने हात मांडीला पुसला आणि मागे येऊन उभा राहिला. मोठाबा उठला, म्हणाला, “एक मूठ कमी हाये. मले बियानं एकत्र करता येत नाई,” आणि घरी आला.

आकाशात ढग यायला लागले होते. शेजारच्या गावांची पेरणी सुरू झाली. आमच्या गावात माणसं नांगर दुरुस्त करून बसली होती आणि आमच्या घरापुढून जाताना मोठ्याने थुंकत होती. लालसू घरात मोठाबाला म्हणाला, “तुमच्या एका मुठीपायी गाव उपाशी मरन.”

“मले दुसरं येत नाई रे,” मोठाबा म्हणाला. “मले बापानं एवढंच शिकवलं हाये.”

“त्यायले परत आनलं अन दादालोक आले तं?”

“येतीन.”

“मंग?”

“मंग काय. मी कुठी पळून राह्यलो.”

लोक आता मोठाबाची आठवण काढतात तेव्हा तो फार शूर होता म्हणतात. मी त्याच्या जवळ वाढले. तो शूर नव्हता. रात्री कुत्रं भुंकलं की तो उठून बसायचा, त्या दिवसांत त्याची कामटी सरळ निघायची नाही. पण त्याला सगळ्या घरांची मूठ लागते एवढंच माहीत होतं, आणि भीती वाटते म्हणून त्याने ते विसरल्यासारखं केलं नाही. मी पुढे पुष्कळ हुशार माणसं पाहिली. भीतीत विसरणं सगळ्यांत सोपं असतं, असं मला वाटतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवताना माय ताटावरून उठली आणि माझ्याकडे न बघता सरळ मोठाबाला म्हणाली, “मी जातो रैनीकडे.” त्यांच्या इतक्या वर्षांत ती त्याच्याशी थेट बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मोठाबाला काय करावं कळेना. तो माझ्याकडेच वळून म्हणाला, “तुह्या मायले म्हन, जा.”

माय, कोमटीची बायको आणि आणखी दोन-तीन बाया निघाल्या. पाण्याचा तुंबा धरायला मला घेतलं. नदी गुडघ्याएवढीच होती. रैनी भावाच्या अंगणात टोरी फोडत बसली होती, म्हणजे मोहाच्या बिया, त्यांचं तेल निघतं. आम्हाला बघून तिचा दगड थांबला नाही.

“कशाले आल्या?”

कोमटीची बायको म्हणाली, “बीजपंडुम अडलं, बाई. तुही मूठ दे. तेवढंच पाह्यजे.”

“मूठ पाह्यजे,” रैनी म्हणाली. “मानूस नाई पाह्यजे?”

तिने आणखी एक टोरी फोडली. मग रैनीने विचारलं, “माहे डुक्कर गोड लागले का?”

कोमटीच्या बायकोने पदर तोंडाशी नेला. दुसरी कोणीतरी म्हणायला लागली की आम्ही काय खुशीनं खाल्लं का. माय मध्येच म्हणाली, “लागले.”

रैनीने तेव्हा पहिल्यांदा दगड खाली ठेवला आणि मायकडे नीट पाहिलं. “बसा,” ती म्हणाली. आम्हाला पाणी दिलं. मग तिने बोटं न मोडता, शांतपणे सांगितलं. “पहिले माहं घर. ज्यायनं जाळलं त्यायच्या हातानं. घर झालं का मूठ देतो. बैलाचे पैसे, डुकराचे पैसे, ते बी द्या लागतीन.”

“बैल इकून खाल्ले,” माय म्हणाली. “एका वर्षात नाई होत.”

“मले घाई नाई. तुमच्या छातीवर बसून राह्यतो.”

डोलू ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. त्याने एकच विचारलं, घरामागचा मोह जळला का. माय म्हणाली, एका अंगानं जळला, दुसरीकडं पालवी आली. तो मान हलवून आत गेला.

गावात गोटूलमध्ये बैठक बसली. गोटूल म्हणजे गावाचं एकत्र बसायचं घर. आमच्याकडे बैठकीत हात वर करून मोजत नाहीत. शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत बसायचं असतं, मग दोन दिवस लागोत. दोन दिवसच लागले. अडचण अशी की दंड नेहमी एखादा माणूस गावाला देतो. गावाने एका घराला दंड द्यायचा असं कोणी ऐकलं नव्हतं. कोमटी म्हणाला, “गावाले दंड लावनारा कोन?” मोठाबा म्हणाला, “आपनच लावू. घेनारी रैनी.” दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे दमले, भुकेले झाले, आणि ढग इतके खाली आले की घरात अंधार झाला. तेव्हा शेवटचा हो आला. तो माझ्या भावाचा होता. ठरलं की घर आत्ता बांधायचं, आणि पैसे प्रत्येक घराने दर हंगामात तेंदूच्या मजुरीतून द्यायचे, फिटेपर्यंत.

पाऊस डोक्यावर असताना घर बांधणं कसं असतं ते ज्याने केलं त्यालाच कळेल. पुरुषांनी बांबू आणले, बायांनी माती तुडवली. कौलं कुठून आणणार, म्हणून प्रत्येक घराने आपल्या छपरावरची काढून दिली. त्या पावसाळ्यात गावातलं प्रत्येक घर गळलं, आमच्या घरात तर चुलीवरच थेंब पडायचा आणि माय हंडी घेऊन चूल बदलत फिरायची. रैनी आणि डोलू पहिल्याच दिवशी येऊन देवाच्या झाडाखाली उतरले. रैनी लेकराला घेऊन भिंतीजवळ उभी राहायची. लालसू कुडाला माती थापत होता.

“भित लिपून राह्यला का तोंड पुसून राह्यला?” ती म्हणायची. “काढ ते. पुन्हा लाव.”

लालसू दात ओठ खाऊन काढायचा, पुन्हा लावायचा. एकदा तो म्हणाला, “माह्या घरची भित बी अशीच हाये.” रैनी म्हणाली, “तुह्या घराले कोनं आग लावली होती?” बाया हसल्या. मग तोही खाली मान घालून हसला. त्या घरातलं ते पहिलं हसणं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादालोक आले. तिघं होते. दोन पुरुष आणि एक पोरगी, वीसेक वर्षांची, खांद्यावर बंदूक. माझ्या मायचे माती तुडवणारे पाय जागच्या जागी थांबले. मी तिच्या मागे गेले. म्होरक्या सिरोंच्याकडचा होता, त्याच्या बोलण्यात तेलुगू यायचं. त्याने विचारलं, हे काय चालू आहे.

“घर बांधून राह्यलो,” कोमटी म्हणाला.

“कोनाचं?”

“गावाचंच हाये तसं,” कोमटी चाचरला.

“माहं हाये,” रैनी म्हणाली.

कोणी ठरवलं, असं त्याने विचारलं. मोठाबा चिखलाचे हात तसेच घेऊन पुढे आला. तो म्हणाला, “पंडुम नाई झालं अजून. ह्यायची मूठ बाकी हाये.”

“अजून नाई झालं?” ती बंदूकवाली पोरगी एकदम आमच्या बोलीत म्हणाली आणि वर ढगांकडे बघायला लागली. “इतका उशीर?”

मायने तिला विचारलं, “तुह्या घरची मूठ कोन ठेवते, बाई?”

“माय ठेवत असन,” पोरगी म्हणाली. मग थांबून, “दोन पंडुम झाले, मले ठाव नाई.”

म्होरक्याने तिच्याकडे पाहिलं तशी ती खांद्यावरची बंदूक सावरायला लागली. त्याने लालसूला हाक मारली. तो लालसूला ओळखत होता. पंडुमनंतर तू आमच्यासोबत येणार, असं त्यांचं आधीच बोलणं झालेलं होतं. हे आम्हाला पुढे कळलं. “चल इकडं. बोलायचं हाये.”

लालसू कोपरापर्यंत चिखलाने भरला होता. तो उठला नाही. “माही भित ओली हाये,” तो म्हणाला. “सोडली तं तडकते.”

म्होरक्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. सगळं गाव तिथे होतं, म्हातारी माणसं, लेकरं, आणि सगळ्यांच्या अंगाला एकच माती होती. त्याच्या मनात काय आलं ते मला कळणं शक्य नाही. “पुढं पाहू,” तो म्हणाला. ते पाणी प्यायले आणि गेले. ते आणखी पुष्कळ दिवस येतील म्हणून आम्ही कानोसा घेत झोपायचो. कधी आले, कधी दटावून गेले, पण त्या घराला कोणी हात लावला नाही. आमचं नशीब. सगळ्या गावांचं तसं झालं नाही. माझ्या ओळखीच्या माणसांच्या घरी जे झालं ते मी इथे लिहीत नाही. मोठाबासारखी माणसं तिथेही असतील आणि तरी झालं असेल. म्हणून चांगल्या वागण्याचं फळ मिळतंच, असं मी नातवंडांना सांगत नाही. वागावं एवढंच सांगते.

घर झालं. रैनीने आत जाऊन भिंतीवर तळहात दाबून पाहिला, बाहेर आली आणि डोणा घेऊन झाडाखाली गेली. मोठाबाने बी एकत्र केलं. आमची पेरणी सगळ्यांत शेवटी झाली, पीक बेताचं आलं, पण आलं.

त्यानंतर पैसे फेडायचं लागलं. दर उन्हाळ्यात मजुरी हातात आली की पहिला वाटा रैनीचा. माणसं कुरकुरायची. मला वाटतं गावाचं खरं वळण ते घर बांधलं तेव्हा नाही, या कुरकुरण्यात आलं. मध्ये एका वर्षी पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या एका म्हातारीवर आळ आला की हिने लेकरू खाल्लं, ही जादू करते. चार पोरं काठ्या घेऊन निघाली. कोमटी वाटेत बसला होता, जागचा उठलाही नाही. म्हणाला, “जा बाबू, जा. पहिलेच बैल फेडून राह्यलो. आता म्हातारीचं बी फेडा. तुमच्या लेकराच्या लेकरायले बी लावून द्या फेडाले.” एक पोरगा म्हणाला, “तिच्याजवळ बैल कुठी हायेत?” कोमटी म्हणाला, “मानसाचा भाव बैलापेक्षा जास्त असते, गड्या. हिशेब तूच कर.” पोरं काठ्या खांद्यावर टाकून जळणाला निघून गेली. मी हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. त्या म्हाताऱ्याने डोलूचं घर जळताना काय म्हटलं होतं ते मी ऐकलेलं होतं. माणूस तोच होता.

आमची पोरं मग खबरी-खबरी खेळायची बंद झाली. कोणी बंद केलं नाही. एखादा म्हणायचा, कोणी पाह्यलं, माती उचल, आणि खेळ तिथेच मोडायचा. लालसू कुठे गेला नाही. आता तो म्हातारा आहे, गुडघे धरून ग्रामसभेला जातो, आणि बांबूच्या पैशावरून सगळ्यांशी वाद घालतो. त्याचा आवाज मोठा आहे, पण दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत तो थांबतो. हे त्याला जन्मतः येत नव्हतं.

मोठाबा पैसे फिटायच्या आधीच गेला, झोपेतच. शेवटचा हंगाम आला तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. गोटूलमध्ये सगळे जमले. माय मला घेऊन आधीच रैनीकडे गेली होती. ती घाबरली होती. म्हणाली, “रैनी, थोडं बाकी राहू दे. म्हन की अजून एक वर्ष हाये. फिटलं तं या लोकायले काय आठवण राहीन?”

रैनी केस विंचरत होती. तिने मायकडे बघितलं, तसंच, पहिल्यासारखं नीट. “मले माहे पैसे पाह्यजे,” ती म्हणाली. “तुमची अक्कल मी काऊन सांभाळू? ते तुमची तुमी सांभाळा.”

गोटूलमध्ये लालसूने पैसे डोलूपुढे ठेवले. डोलू सावकाश मोजायला बसला. एक नोट फाटकी होती, ती त्याने उजेडाला धरून पाहिली आणि परत केली. लालसूने खिशातून दुसरी काढून दिली. डोलूने ती इतर नोटांवर ठेवली, गुडघ्यावर ठोकून कडा सारख्या केल्या आणि म्हणाला, “झाले. काई बाकी नाई.”